प्रतिस्पर्ध्याची वॉरंटी फसवी असेल तर: कुठलं वाक्य पकडायचं, पुरावा कसा करायचा, कुणाकडे जायचं

तुमच्या बॅटरीवर ४८ महिन्यांची वॉरंटी आणि समोरच्याच्या पाटीवर ठळक ‘६० महिने’. माल जवळपास सारखा, पण गिऱ्हाईक आकडा बघतं आणि तिकडे वळतं. अशा वेळी बहुतेक धंदेवाले दोनपैकी एक करतात. आपणही आकडा फुगवतात, नाहीतर व्हॉट्सॲप ग्रुपवर समोरच्याची लक्तरं काढतात. दोन्ही अंगाशी येतं. पहिल्यात तुम्ही त्याच्याच पंगतीला जाऊन बसता आणि दुसऱ्यात बदनामीची नोटीस तुमच्याच दारात येते.

उपयोगी पडतं ते वेगळंच. त्याच्या सगळ्या जाहिरातीशी भांडत बसू नका. कागदानं किंवा प्रयोगशाळेच्या अहवालानं खोटं ठरवता येईल असं एकच वाक्य त्यातून उचला. बाकीचं सगळं त्या वाक्याभोवती बांधायचं असतं.

फुशारकी वेगळी, खोटी माहिती वेगळी

‘सर्वात भारी’, ‘घराघरांत विश्वासाचं नाव’ ही फुशारकी झाली. ती मोजता येत नाही, म्हणून खोटी ठरवताही येत नाही. ‘३० टक्के वीज बचत’, ‘देशात पहिल्या क्रमांकावर’, ‘१० वर्षं गळती नाही’ हे मात्र माहितीचे दावे आहेत, आणि माहिती दिली की तिचा आधार दाखवावा लागतो. २०२२ साली एका टूथपेस्टच्या ‘जगात पहिल्या क्रमांकाची’ या दाव्यावर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं १० लाखांचा दंड लावला, तो याच फरकावर.

न्यायालयंही याच रेषेवर चालत आली आहेत. कपड्यांच्या निळीच्या एका जाहिरातीवरून कलकत्ता उच्च न्यायालयानं घालून दिलेले निकष आजही वाद निघाला की समोर येतात. आपला माल सर्वोत्तम म्हणा, दुसऱ्याशी तुलनाही करा, पण तुलनेच्या नावाखाली दुसऱ्याचा माल वाईट म्हणता येणार नाही. त्या निकषांत आपल्या मालाची स्तुती खोटी असली तरी चालेल असंही म्हटलं होतं. पुढे २०१० साली दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं डाबर विरुद्ध कलरटेक प्रकरणात या ढिलाईला लगाम घातला: थोडी अतिशयोक्ती चालेल, पण खोट्या, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण मिळणार नाही. समोरचा वकील जुना निकाल दाखवून ‘खोटी स्तुतीही चालते’ म्हणाला, तर हे दुसरं पान उघडायचं.

वॉरंटीचा आकडा फोडून बघा

वॉरंटीचे दावे सरळ खोटे क्वचितच असतात. आकडा खरा असतो, पण तो कशाला लागू आहे ते लपवलेलं असतं. वरचीच बॅटरी घ्या. तिच्या ६० महिन्यांत ३६ महिने मोफत बदली आणि पुढचे २४ महिने ‘प्रो-राटा’, म्हणजे नवी बॅटरी घेताना काही टक्के सूट, अशी विभागणी असते. आता ४० व्या महिन्यात ती बंद पडली आणि ४० टक्के सूट मिळाली असं समजू. ही सूट बहुधा छापील किमतीवर असते. छापील किंमत १०० धरली तर गिऱ्हाईकाला ६० भरावे लागतात. तीच बॅटरी बाजारात एरवी ७० ते ७५ ला मिळत असेल, तर वॉरंटीचा खरा फायदा उरला १० ते १५. तुमची ४८ महिन्यांची वॉरंटी पूर्ण बदलीची असेल, तर ती त्याच्या ६० पेक्षा सरस आहे. हा हिशेब तुमच्या विक्रेत्याला तोंडपाठ असला पाहिजे. निम्मी लढाई कायद्याकडे न जाता इथेच जिंकता येते.

सौर पॅनेलवर ‘२५ वर्षं’ लिहितात. ती बहुतेक वेळा वीजनिर्मितीची हमी असते, म्हणजे २५ वर्षांनंतरही मूळ क्षमतेच्या साधारण ८० टक्के वीज मिळेल एवढीच. पॅनेल फुटलं, काचेखाली पाणी शिरलं, जोडणीचा डबा जळला, तर त्याची वॉरंटी वेगळी आणि बरीच कमी वर्षांची. ‘१० वर्षं वॉरंटी’ असलेल्या कपडे धुण्याच्या यंत्रात ती १० वर्षं फक्त मोटरची असतात, सर्किट बोर्डाला २ वर्षंच. वॉटरप्रूफिंगच्या थरावरची वॉरंटी नुसत्या मालाची असते. गळती झाली तर डबा बदलून मिळतो, पण जुना थर खरवडायची मजुरी तुमच्या खिशातून जाते.

म्हणून त्याचं वॉरंटी कार्ड हातात घेऊन पुढच्या गोष्टी शोधा. मुदत विक्रीच्या तारखेपासून मोजतात की कारखान्यातून माल निघाल्यापासून? नोंदणी ठरावीक दिवसांत केली नाही तर वॉरंटी जाते का? तंत्रज्ञाच्या फेरीचे आणि वाहतुकीचे पैसे कोण देतं? आणि सर्वात महत्त्वाचं, वॉरंटी देतंय कोण? उत्पादक, आयातदार की नुसता दुकानदार? ज्या आयातदाराकडे सुटे भाग नाहीत, सेवा केंद्र नाही, त्याची ५ वर्षांची वॉरंटी पाळली जाण्याची शक्यताच नसते. ‘पाळली जाण्याची शक्यता नाही’ हे कायद्याच्या भाषेतलं वाक्य आहे, हे लक्षात ठेवा.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(४७) मध्ये ‘अनुचित व्यापारी प्रथा’ सांगितल्या आहेत. त्यातल्या दोन थेट वॉरंटीच्या आहेत. एक, पुरेशी आणि योग्य चाचणी न करता मालाच्या कामगिरीची, परिणामाची किंवा आयुष्याची हमी देणं. दोन, मुळातच दिशाभूल करणारी किंवा पाळली जाण्याची वाजवी शक्यता नसलेली वॉरंटी जाहीर करणं. यातल्या पहिल्या तरतुदीला एक धार आहे, जी अनेकांच्या ध्यानात येत नाही: ‘आम्ही चाचणी केली होती’ असा बचाव घेतला, तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी बचाव घेणाऱ्यावर आहे. चाचणी झालीच नाही हे सिद्ध करायला तुम्ही धडपडायचं कारण नाही. म्हणूनच जाहिरातीत दहा खोट्या गोष्टी दिसत असतील, तर त्यातला वॉरंटीचा दावा आधी उचलावा.

बारीक अक्षरातल्या तळटिपेनं सगळं झाकलं जातं, हाही गैरसमज आहे. ९ जून २०२२ च्या फसव्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तळटीप मुख्य दाव्याच्या विरोधात जाऊ शकत नाही आणि महत्त्वाची माहिती लपवू शकत नाही. दावा ज्या भाषेत, त्याच भाषेत टीप हवी, आणि ती ठळक, वाचता येईल अशी हवी. मराठी जाहिरातीत ‘संपूर्ण वॉरंटी’ आणि खाली इंग्रजीत ‘फक्त मोटरवर’ असं असेल, तर एकाच पाटीत दोन नियम मोडले.

पुरावा: घाईत इथेच गफलत होते

नोटीस गेली की जाहिरात रातोरात बदलते. म्हणून पुरावा आधी, पत्रव्यवहार नंतर.

वेबपानाचा नुसता कापलेला स्क्रीनशॉट पुरत नाही. पूर्ण पान, पत्ता, तारीख आणि वेळ दिसेल असं स्क्रीन रेकॉर्डिंग करा. ‘नियम व अटी’वर टिचकी मारून तेही पान उघडलेलं त्यातच दिसू द्या, म्हणजे अटी किती खोल पुरल्या होत्या हेही नोंदलं जातं. वर्तमानपत्राचं कात्रण नको, अख्खा अंक ठेवा. फलकाचा एक फोटो जवळून आणि एक आजूबाजूचा परिसर दिसेल असा दुरून.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्याचे दोन भाग असतात. पहिला भाग पुरावा सादर करणाऱ्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, त्यात लिहावा लागतो. तेव्हा रेकॉर्डिंग केल्या दिवशीच हॅश काढा, मूळ फाइल आणि ते यंत्र जपून ठेवा. व्हॉट्सॲपवरून दहा जणांना फिरून आलेला व्हिडिओ मूळ म्हणून टिकत नाही. पाठवताना तो दाबला जातो आणि हॅश बदलते.

मालाची चाचणी करायची असेल तर बाजारातून पक्कं बिल घेऊन एकाच बॅचचे किमान तीन नग विकत घ्या. एक चाचणीला, एक सीलबंद स्वतःकडे, एक वाद वाढला तर न्यायालयानं मागितला म्हणून. खोके उघडताना व्हिडिओ करा, कारण वॉरंटी कार्ड बहुधा आतच असतं आणि ‘आमच्या खोक्यात वेगळं कार्ड होतं’ ही ठरलेली पळवाट आहे. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त असावी. पण तेवढं पुरत नाही: मान्यता प्रयोगशाळेला सरसकट नसते, चाचणीगणिक असते. तुमची चाचणी तिच्या मान्यतेच्या व्याप्तीत आहे का, ते बघून घ्या. अहवाल फेटाळले जाण्याची नेहमीची कारणं तीन: व्याप्तीबाहेरची चाचणी, त्याचा जुना नग आणि आपला ताजा, किंवा त्यानं एका मानकानुसार दावा केलेला असताना आपण दुसऱ्याच मानकानं मोजलेलं. ‘वॉटरप्रूफ’चंच बघा. खोक्यावरची ‘आयपी’ श्रेणी धूळ-पाण्यापासून किती संरक्षण ते सांगते: आयपी ६७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, आयपीएक्स ४ म्हणजे नुसते शिंतोडे. त्यानं आयपीएक्स ४ लिहून वर ‘वॉटरप्रूफ’ म्हटलं असेल, तर चाचणी न करताही त्याचाच खोका पुरावा आहे.

आणखी एक साधा, बिनखर्चाचा उपाय. त्याच्या ग्राहक सेवेला ईमेलनं सरळ प्रश्न विचारा: ‘४० व्या महिन्यात बॅटरी बंद पडली तर मोफत बदलून मिळेल का?’ लेखी ‘नाही’ आलं, की पाटी आणि उत्तर शेजारी ठेवायचं. त्याच्या विक्रेत्यानं दुकानात तोंडी ‘ती कंपनी बंद पडणार, वॉरंटी कोण देणार’ असं तुमच्याबद्दल सांगितलं असेल, तर ज्या डीलरनं ऐकलं त्याच्याकडून तारीख, जागा आणि शब्द लेखी घ्या. ‘असं म्हणतात’ या वाक्याला किंमत नाही.

कुणाकडे जायचं हे खोटं कुणाबद्दल आहे यावर ठरतं

तो स्वतःच्या मालाबद्दल खोटं बोलत असेल आणि तुमचं नाव, माल किंवा तुमच्या प्रकारचा माल त्यात कुठेच नसेल, तर दिवाणी दाव्यात पाय रोवणं अवघड जातं. अशा वेळी दोन जागा कामाच्या.

पहिली, ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे ॲस्की. १९८५ मध्ये जाहिरात क्षेत्रानं स्वतःच उभारलेली ही संस्था. प्रतिस्पर्धी कंपनीही इथे तक्रार करू शकते, त्यासाठी शुल्क पडतं. ॲस्की जाहिरातदाराकडून दाव्याचा आधार मागते आणि पटलं नाही तर जाहिरात बदला किंवा काढा म्हणते. दंड लावत नाही, भरपाई देत नाही. तरी तिचा निर्णय केराच्या टोपलीत टाकणं सोपं नाही. केबल टीव्ही नियम १९९४ मधल्या नियम ७ प्रमाणे ॲस्कीची संहिता मोडणारी जाहिरात केबलवर दाखवता येत नाही.

दुसरी जागा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण. जुलै २०२० पासून ते काम करतं. ग्राहकवर्गाच्या हिताला बाधा येते अशी जाहिरात असेल, तर प्राधिकरणाकडे किंवा जिल्हाधिकाऱ्याकडे लेखी वा ऑनलाइन तक्रार करता येते. जाहिरात थांबवणं, दुरुस्त करायला लावणं आणि १० लाखांपर्यंत दंड हे अधिकार त्याच्याकडे आहेत. पुन्हा चूक झाली तर दंड ५० लाखांपर्यंत. तक्रारीत ‘माझा धंदा बसला’ असं लिहिलंत तर ती कमकुवत होते. ग्राहकाला काय सांगितलं, काय मिळालं आणि असे ग्राहक किती असू शकतात, हे लिहा. स्पर्धा परीक्षांच्या अनेक शिकवणी वर्गांवर प्राधिकरणानं दंड लावले ते याच अंगानं. यशस्वी उमेदवारांचे फोटो खरे होते, पण त्यांतल्या अनेकांनी फक्त मुलाखतीचं मार्गदर्शन घेतलं होतं, हे लपवलेलं होतं. मोटरच्या वॉरंटीला अख्ख्या यंत्राची वॉरंटी म्हणणं यापासून फार लांब नाही.

ग्राहक आयोगात मात्र तुम्ही स्वतः जाऊ शकत नाही. प्रतिस्पर्धी हा ‘ग्राहक’ नव्हे. फसलेला खरा ग्राहक जाऊ शकतो आणि त्याला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक जरूर द्या. पण पैसे देऊन किंवा आपलीच माणसं उभी करून तक्रारी करवू नका. एक बनावट तक्रार सापडली की उरलेल्या नऊ खऱ्याही संशयात येतात.

तो तुमच्या मालाला नावं ठेवत असेल, तर चित्र बदलतं. इथे दिवाणी न्यायालयात तात्पुरता मनाई हुकूम मागता येतो. नाव घेतलेलंच असायला हवं असं नाही. तुमच्या बाटलीचा आकार, रंग दाखवून इशारा केला तरी पुरतं, आणि अख्ख्या प्रकारालाच वाईट म्हटलं तरी त्या प्रकारातला उत्पादक दाद मागू शकतो, असं च्यवनप्राश आणि फ्रोझन डेझर्टच्या वादांत न्यायालयांनी म्हटलं आहे. जाहिरातीमागचा हेतू, मांडणीचा ढंग आणि पाहणाऱ्याच्या मनात उरणारा संदेश या तीन गोष्टी तपासल्या जातात. थट्टेनं तुमचा डबा कचऱ्यात टाकलेला दाखवला, तर शब्द किती सभ्य होते याला फारसा अर्थ राहत नाही.

आणि तुमचा नोंदणीकृत ट्रेडमार्क वापरला असेल, तर ट्रेडमार्क कायदा १९९९ मधली कलमं २९(८) आणि ३० लागू होतात. प्रामाणिक तुलनेसाठी नाव घेणं चालतं, नावलौकिकाला धक्का देणारा वापर चालत नाही. इथे एक सापळा आहे. आधार नसताना ट्रेडमार्क भंगाची धमकी दिली, तर कलम १४२ खाली समोरचाच तुमच्यावर दावा लावू शकतो. नोटिशीत रागाच्या भरात सगळी कलमं कोंबणाऱ्या वकिलाला आवरायचं काम तुमचं.

अन्नपदार्थ असेल तर एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरण), आयएसआय चिन्हाचा गैरवापर असेल तर बीआयएस (भारतीय मानक ब्युरो). परवाना क्रमांक बीआयएस केअर ॲपवर दोन मिनिटांत तपासता येतो. अशा जागी तक्रार जास्त सरळ असते, कारण वाद अर्थाचा नसतो, परवाना आहे की नाही एवढाच असतो.

बरेच जण भारतीय स्पर्धा आयोगाकडे धावतात. मक्तेदारी रोखणाऱ्या जुन्या एमआरटीपी कायद्यात अनुचित व्यापारी प्रथांची तक्रार चालत असे. तो कायदा गेला, आणि आजचा आयोग व्यापाऱ्यांमधले स्पर्धाविरोधी करार आणि बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापर बघतो. नुसती फसवी जाहिरात तिथे टिकत नाही. एक अपवाद मात्र दुरुस्तीच्या धंद्यातल्यांनी माहीत करून घ्यावा. ‘बाहेर दुरुस्ती केली तर वॉरंटी रद्द’ अशी सरसकट अट घालू नका, असं आयोगानं २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना बजावलं होतं. दंडाविरुद्ध पुढे अपिलं झाली, पण अशा अटीविरुद्ध तक्रारीचा रस्ता हाच.

नोटीस द्यायची की थेट न्यायालय?

इथे एकच उत्तर नाही. नोटीस दिली की समोरचा कॅव्हेट, म्हणजे ‘मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका’ असा अर्ज, न्यायालयात आधीच दाखल करू शकतो. ते ९० दिवस टिकतं, आणि मग त्याला न ऐकता मनाई हुकूम मिळायची आशा सोडावी लागते. सणाच्या तोंडावर टीव्हीवर बदनामी चालू असेल, तर थेट न्यायालय बरं. वर्षभर चाललेली वॉरंटीची पाटी असेल, तर नोटीस. व्यापारी न्यायालयाच्या कक्षेतला दावा असेल आणि तातडीचा दिलासा मागत नसाल, तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये ते स्पष्ट केलं. उशीर मात्र कशालाच परवडत नाही. सहा महिने गप्प बसून ‘कधीही न भरून येणारं नुकसान होतंय’ असं म्हणणाऱ्याला न्यायाधीश पहिला प्रश्न विचारतात, मग इतके दिवस काय करत होता?

नोटीस दोन पानांत बसवा. नेमकं वाक्य अवतरणात, ते कुठे आणि कधी दिसलं, ते का खोटं, काय हवं आणि किती दिवसांत. सात दिवस पुरतात. प्रयोगशाळेचा पूर्ण अहवाल सोबत जोडू नका, निष्कर्षाची एक ओळ पुरे.

पाठवण्याआधी एक दिवस स्वतःची पत्रकं, वेबसाइट आणि वॉरंटी कार्ड त्याच कसोटीवर घासून बघा. तुमच्या खोक्यावर ‘लाइफटाइम’ लिहिलं असेल आणि कुणाचा लाइफटाइम हे कुठेच नसेल, तर पहिलं उत्तर त्यावरच येईल. आपली पत्रकं आधी दुरुस्त करा, जुनी डीलरकडून परत मागवा, आणि दुरुस्तीची तारीख नोंदवून ठेवा.

बहुतेक वाद तडजोडीत मिटतात, आणि तडजोडीचा मसुदा ढिला असेल तर सहा महिन्यांत तीच पाटी परत झळकते. ‘जाहिरात मागे घेऊ’ एवढं वाक्य पुरत नाही. कोणतं वाक्य, कोणत्या भाषांत, कोणत्या तारखेपासून बंद, ते लिहून घ्या. वेबसाइट, ऑनलाइन दुकानांची पानं, डीलरचे फलक, छापून पडलेली खोकी यांचा वेगवेगळा उल्लेख हवा. खोक्यांवर स्टिकर लावायचा असेल तर स्टिकरचा मजकूर मसुद्यातच टाका. जुन्या जाहिरातीवर विसंबून ज्यांनी माल घेतला, त्यांना जाहीर केलेली वॉरंटी पाळली जाईल, हेही कलम घाला. दावा चालू असेल तर हे सगळं खाजगी पत्रावर न ठेवता न्यायालयात हमीपत्र म्हणून दाखल करून घ्या. पत्र मोडलं तर नव्यानं भांडावं लागतं, न्यायालयाला दिलेली हमी मोडली तर थेट अवमानाचा अर्ज करता येतो. ठरल्या तारखेनंतर १५ दिवसांनी पुन्हा तेच स्क्रीन रेकॉर्डिंग करा, पत्ता, तारीख आणि हॅशसकट.